पेन पुढे, रेघ मागे: टॅबलेटवरील चित्रकलेत येणाऱ्या विलंबाचे निदान

प्रश्नकर्त्याची अडचण थोडक्यात अशी आहे. विंडोजवर चालणारा, पडद्यावरच पेनाने रेखाटता येईल असा टॅबलेट संगणक आहे. चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ पेनाच्या टोकामागे रेंगाळते, छोटे झटपट फटकारे उशिरा उमटतात आणि त्यांची सुरुवात सरळसोट होते, मोठा ब्रश घेतला की सगळेच जड होते आणि तासाभराच्या कामानंतर त्रास आणखी वाढतो. ड्रायव्हर, म्हणजे पेन आणि विंडोज यांची गाठ घालून देणारे सॉफ्टवेअर, काढून पुन्हा बसवला, तरी फरक पडला नाही. आता नवा टॅबलेट घ्यावा की सॉफ्टवेअर बदलावे, असे त्यांनी विचारले आहे.

या दोन्हींपैकी काहीही करण्याची वेळ अजून आलेली नाही. वरच्या वर्णनात ‘लॅग’, म्हणजे विलंब, या एका नावाखाली चार वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि प्रत्येकीचे मूळ वेगळ्या ठिकाणी आहे. म्हणूनच एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही आणि ‘सगळे करून पाहिले’ अशी भावना होते. माझ्याकडे येणाऱ्या चित्रकारांपैकी बहुतेकांनी आधी रॅम, ग्राफिक्स आणि ड्रायव्हर यांवर वेळ घालवलेला असतो. दोष मात्र अनेकदा एखाद्या खूण केलेल्या चौकटीत किंवा ब्रशच्या सेटिंगमध्ये निघतो. त्यामुळे आधी विलंबाचा प्रकार ओळखावा आणि मगच सेटिंगला हात लावावा. तोही एका वेळी एकाच सेटिंगला.

पेन सरकल्यापासून रेघ दिसेपर्यंत बरीच कामे एकामागून एक व्हावी लागतात. पडद्याखालचा डिजिटायझर पेनाची जागा आणि दाब वाचतो. साधनागणिक हे वाचन सेकंदाला शंभर-सव्वाशेपासून २४० वेळांपर्यंत होते. ती माहिती ड्रायव्हरकडून विंडोजकडे आणि तिथून सॉफ्टवेअरकडे जाते. सॉफ्टवेअर तिच्यावरून ब्रशचे ठसे काढते, ते लेयरमध्ये, म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांपैकी एकात, मिसळते, विंडोज सगळ्या खिडक्यांचे मिळून एक चित्र जुळवते आणि शेवटी पडदा ते दाखवतो. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद लागतात, १२० वेळा होत असेल तर ८.३. एवढ्या साखळीत दोन-तीन फ्रेम सहज खर्च होतात, म्हणजे ६० हर्ट्झच्या पडद्यावर ५० मिलिसेकंदांच्या आसपासचा विलंब काहीही बिघडलेले नसताना असू शकतो. हात सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने फिरत असेल, तर एवढ्या वेळात पेनाचे टोक रेघेच्या एक सेंटिमीटर पुढे गेलेले असते. वेगाने फिरवलेल्या हातामागे थोडे अंतर दिसणे हा दोष नव्हे आणि ते शून्यावर आणणारी कोणतीही सेटिंग अस्तित्वात नाही.

हे अंतर कमी करण्यात सॉफ्टवेअरचा वाटा किती मोठा असतो, याचे एक चांगले उदाहरण २०१९ सालचे आहे. ॲपलने आयपॅडओएस १३ सोबत ॲपल पेन्सिलचा विलंब २० मिलिसेकंदांवरून ९ मिलिसेकंदांपर्यंत उतरल्याचे जाहीर केले. पेन्सिल आणि आयपॅड तेच होते, बदलली होती ती आतली प्रणाली. त्यात पेन पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधून रेघ थोडी आधीच काढण्याच्या तंत्राचाही हात होता. अशा अंदाजाचा एक दुष्परिणाम असतो: तीव्र वळणावर रेघेचे टोक क्षणभर भलतीकडे जाते आणि लगेच मागे येते. ते दिसले तर पडदा बिघडला असे समजू नये.

आता चाचणी. एक हजार गुणिले एक हजार पिक्सेलचा नवा कॅनव्हास उघडावा, त्यावर एकच लेयर ठेवावा, १० पिक्सेलचा साधा गोल ब्रश घ्यावा, पोत आणि रंगमिश्रण नसलेला, आणि स्मूदिंग किंवा स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप काढून रेघ गुळगुळीत करणारी सोय, पूर्ण शून्य करावे. मग तोच फटकारा वननोट किंवा व्हाइटबोर्ड यांसारख्या, विंडोजच्या स्वतःच्या पेन-यंत्रणेवर चालणाऱ्या ॲपमध्ये मारून पाहावा. तिथे रेघ टोकाला चिकटून येत असेल आणि चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये मागे पडत असेल, तर टॅबलेट निर्दोष आहे. शोध सॉफ्टवेअरपुरता उरतो. दोन्हीकडे सारखाच विलंब असेल तर दोष ड्रायव्हर, विंडोज, पडदा किंवा साधनाची तापलेली अवस्था यांपैकी कुठे तरी आहे. रिकाम्या कॅनव्हासवर सगळे सुरळीत आणि चालू चित्रात जड, असे असेल तर प्रश्न कामाच्या ओझ्याचा आहे.

डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा मोजावे, असे मी सुचवीन. सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा स्लो-मोशन कॅमेरा आता अनेक फोनमध्ये असतो. टॅबलेटच्या कडेला पट्टी ठेवून, पेन समान वेगाने ओढताना चित्रण करावे आणि टोक एखाद्या खुणेवरून गेल्यापासून रेघ त्या खुणेपर्यंत पोहोचेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजावे. प्रत्येक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंदांची असते, म्हणजे १२ फ्रेम गेल्या तर विलंब ५० मिलिसेकंदांचा आहे. सेटिंग बदलण्याआधीचा आणि नंतरचा आकडा हाताशी असला की ‘बहुधा थोडे बरे वाटते’ या भ्रमातून सुटका होते. हा भ्रम या विषयात फार बळावतो, कारण नवी सेटिंग लावल्यावर आपला हातही नकळत सावकाश चालतो.

पहिली तक्रार छोट्या फटकाऱ्यांची. केस, गवत किंवा हॅचिंग (छटेसाठीच्या बारीक समांतर रेघा) काढताना फटकारा उशिरा सुरू होणे किंवा त्याचा पहिला भाग सरळ रेघेसारखा येणे याचे सर्वांत प्रचलित कारण विंडोजमधील ‘प्रेस अँड होल्ड’ ही सोय आहे. पेन टेकवून धरला की ती माउसच्या उजव्या क्लिकसारखी वागते. पेन टेकताच वापरणाऱ्याला टिचकी मारायची आहे, ओढायचे आहे की धरून ठेवायचे आहे हे कळेपर्यंत विंडोज थांबते आणि तेवढ्यात हात पुढे गेलेला असतो. टेकवलेल्या टोकाभोवती एक वर्तुळ भरत जाताना दिसले तर ही सोय चालू आहे हे नक्की. ती बंद करण्यासाठी कंट्रोल पॅनेलमधील ‘पेन अँड टच’ उघडून ‘प्रेस अँड होल्ड’च्या सेटिंगमधील उजव्या क्लिकची खूण काढावी. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ‘फ्लिक्स’ नावाची आणखी एक सोय असते, तीही बंद करावी. वाकॉमसारख्या उत्पादकाचा ड्रायव्हर असेल तर त्यात दोन टिचक्यांमधील अंतराची सेटिंग असते. ती ‘ऑफ’वर नेल्यानेही फटकाऱ्याची सुरुवात मोकळी होते. मोठ्या अपडेटनंतर या खुणा पुन्हा लागलेल्या आढळतात, म्हणून त्रास परतला तर आधी इथेच पाहावे.

याच ठिकाणी दुसरा, जास्त गुंतागुंतीचा मुद्दा येतो. विंडोजवर पेनाची माहिती सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचण्याचे दोन मार्ग आहेत. विनटॅब हा जुना मार्ग १९९० च्या दशकापासून, म्हणजे टॅबलेट ही संगणकाला जोडायची, पडदा नसलेली वेगळी पाटी होती तेव्हापासून चालत आला आहे आणि तो उत्पादकाच्या ड्रायव्हरवर अवलंबून असतो. दुसरा मार्ग मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा. त्याची सुरुवात २००२ च्या विंडोज एक्सपी टॅबलेट पीसी आवृत्तीपासून झाली, २०१२ च्या विंडोज ८ मध्ये त्याला आजचे रूप आले आणि आता तो विंडोज इंक या नावाने ओळखला जातो. ड्रायव्हर एका मार्गाने माहिती देतो आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या मार्गावर कान लावून बसते, तेव्हा दाब नाहीसा होतो, फटकाऱ्याची सुरुवात सरळ येते, कर्सर आणि टोक वेगवेगळ्या ठिकाणी दिसतात किंवा सगळेच अडखळते. दोघांचा मार्ग एक असला पाहिजे.

हा मार्ग निवडण्याची सेटिंग कुठे असते ते सांगतो. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये ती टॅबलेट सेटिंग्जमध्ये आहे आणि तिथे विनटॅब व विंडोजचा पॉइंटर इनपुट असे दोन पर्याय दिसतात. क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये प्रेफरन्सेसच्या टॅबलेट विभागात विनटॅब आणि टॅबलेट पीसी अशी निवड आहे. वाकॉमच्या ड्रायव्हरमध्ये ‘यूज विंडोज इंक’ ही खूण मॅपिंगच्या पानावर असते. फोटोशॉप आपणहून विंडोज इंककडे पाहते; त्याला विनटॅबकडे वळवायचे असल्यास त्याच्या सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये एक ठरावीक नावाची टेक्स्ट फाइल ठेवावी लागते आणि तिचा नेमका मजकूर अडोबीच्या मदत पानावरून जसाच्या तसा उतरवून घ्यावा. प्रत्येक बदलानंतर सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे, नाही तर बदल लागलाच नाही आणि उपायही फसला, असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

कोणता मार्ग चांगला, याला एकच उत्तर नाही. मायक्रोसॉफ्टच्या सरफेससारख्या, पेनाची सोय पडद्यातच असलेल्या यंत्रावर मी विंडोज इंकपासून सुरुवात करतो, कारण विनटॅबसाठी तिथे वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो आणि एक घटक वाढला की एक संशयितही वाढतो. तारेने जोडलेल्या पेन-डिस्प्लेवर, म्हणजे पेनाने रेखाटता येणाऱ्या बाहेरच्या पडद्यावर, मात्र दोन्ही करून पाहावे. जुने सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना विनटॅब बहुधा अधिक मानवतो.

ड्रायव्हर पुन्हा बसवूनही फरक न पडण्याचे कारण यातच सापडण्याची शक्यता मोठी आहे. वेगवेगळ्या उत्पादकांचे विनटॅबचे ड्रायव्हर विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये एकाच नावाची फाइल ठेवतात. ‘विनटॅब ३२’ या नावाची ही डीएलएल फाइल शेवटी जो ड्रायव्हर येईल त्याची होते. पूर्वी दुसऱ्या कंपनीची पाटी वापरलेली असेल आणि तिचा ड्रायव्हर राहून गेला असेल, तर नवा ड्रायव्हर त्याच्यावर कितीही वेळा बसवला तरी दोघांची ओढाताण चालूच राहते. योग्य क्रम असा: सगळ्या उत्पादकांचे पेन-ड्रायव्हर काढावेत, संगणक पुन्हा सुरू करावा, ती फाइल खरोखर गेली आहे का ते पाहावे आणि मग सध्याच्या साधनाचा एकच ड्रायव्हर त्याच उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेऊन बसवावा.

दुसरी तक्रार रेघ सतत मागे राहण्याची. तिची परीक्षा सोपी आहे. वेगाने एक लांब रेघ ओढावी, मध्येच हात थांबवावा, पण पेन उचलू नये. रेघ सरपटत, हळूहळू टोकापर्यंत येऊन पोहोचली, तर ते स्मूदिंग आहे. रेघ तुकड्यातुकड्यांनी उड्या मारत आली, तर संगणकाला काम पेलत नाही. थांबताक्षणीच रेघ टोकाला भिडली आणि फक्त चालतानाचे अंतर तेवढे दिसले, तर तो पडद्याचा आणि प्रणालीचा स्वाभाविक विलंब आहे. या एका परीक्षेने अर्धे निदान होते.

स्मूदिंग आणि विलंब यांना वेगळे करता येत नाही, कारण हाताचा कंप घालवायचा तर पेनाच्या मागच्या अनेक जागांची सरासरी काढावी लागते आणि सरासरी ही नेहमी वर्तमानाच्या मागे असते. जितके जास्त बिंदू सरासरीत, तितकी रेघ गुळगुळीत आणि तितकीच मागे. फोटोशॉपमध्ये २०१८ च्या आवृत्तीपासून स्मूदिंग आले आणि त्याचे मूळ मूल्य १० टक्के ठेवलेले असते. क्रिटामध्ये ‘बेसिक’, ‘वेटेड’ आणि ‘स्टॅबिलायझर’ असे चढते प्रकार आहेत आणि शेवटचे दोन स्पष्टपणे विलंब वाढवतात. आयपॅडवरील प्रोक्रिएटमध्ये ‘स्ट्रीमलाइन’ नावाचे स्मूदिंग प्रत्येक ब्रशच्या आत दडलेले असते. उतरवून घेतलेले ब्रश स्वतःची मूल्ये सोबत घेऊन येतात आणि अक्षरलेखनासाठी बनवलेल्या ब्रशमध्ये ही मूल्ये फार मोठी असतात. त्यामुळे ‘एकाच ब्रशने त्रास होतो’ अशी तक्रार असेल तर संगणकाकडे पाहण्याचेही कारण नाही.

एका चित्रात तीन ठिकाणी स्मूदिंग चालू असल्याचे मी अनेकदा पाहतो: ड्रायव्हरमध्ये थोडे, सॉफ्टवेअरमध्ये थोडे आणि ब्रशमध्ये बरेच. प्रत्येक ठिकाणी ते किरकोळ वाटते, पण विलंबांची बेरीज होते. स्मूदिंग एकाच ठिकाणी, शक्यतो ब्रशमध्ये ठेवावे आणि बाकी दोन्ही शून्य करावीत. ते मुळात वाढवले का गेले, हेही तपासावे. पडद्यातच सेन्सर असलेल्या आणि सक्रिय, बॅटरीवर चालणारा पेन वापरणाऱ्या बऱ्याच टॅबलेटवर सावकाश काढलेली तिरकी रेघ लाटेसारखी थरथरते. हा सेन्सरच्या जाळीचा गुणधर्म आहे, चित्रकाराच्या हाताचा दोष नव्हे. चित्रकार मात्र तो हाताचा समजून स्टॅबिलायझर वाढवत नेतो आणि मग विलंबाची तक्रार करतो. तिरकी रेघ कोपरापासून, थोड्या वेगाने ओढल्यास ही लाट बरीच ओसरते. क्लिप स्टुडिओमध्ये ‘पोस्ट करेक्शन’ नावाचा पर्याय आहे, तो रेघ पूर्ण झाल्यावर तिला सुधारतो, त्यामुळे काढताना रेघ मागे राहत नाही; शाईकाम करणाऱ्यांना मी स्टॅबिलायझरच्या आधी हा पर्याय वापरून पाहायला सांगतो. फोटोशॉपमध्ये ‘स्ट्रोक कॅच-अप’ चालू ठेवल्यास हात थांबल्यावर रेघ टोकापर्यंत येते, पण चालतानाचे अंतर तसेच राहते.

तिसरी तक्रार मोठ्या ब्रशची, आणि इथे थोडा हिशेब करावा लागतो. रेघ ही प्रत्यक्षात एकमेकांवर चढवलेल्या ठशांची माळ असते. ५० पिक्सेल व्यासाच्या गोल ठशात सुमारे १,९६० पिक्सेल येतात. ५०० पिक्सेल व्यासाच्या ठशात सुमारे १,९६,०००. व्यास दसपट झाला की काम शंभरपट होते. दोन ठशांमधील अंतर ब्रशच्या व्यासाच्या टक्केवारीत ठरते. ५०० पिक्सेलच्या ब्रशला हे अंतर २ टक्के असेल तर दर १० पिक्सेलवर एक ठसा पडतो आणि हजार पिक्सेलच्या रेघेत १०० ठसे, म्हणजे जवळजवळ दोन कोटी पिक्सेलचा हिशेब होतो. तेच अंतर १० टक्के केले तर २० ठसे लागतात आणि काम एक-पंचमांश उरते. मऊ कडेच्या मोठ्या ब्रशला १० टक्के अंतर चालते आणि डोळ्याला फरक जाणवत नाही. कडक कडेच्या ब्रशला मात्र कडेवर दाते दिसू लागले की अंतर पुन्हा कमी करावे. ओल्या रंगाचे आणि रंग पसरवणारे ब्रश याहून महाग असतात, कारण प्रत्येक ठशाआधी त्यांना खालचा रंग वाचावा लागतो आणि ‘सगळ्या लेयरमधून रंग घ्या’ असा पर्याय चालू असेल तर तो सगळ्या लेयरमधून वाचावा लागतो. दुहेरी पोत, विखुरणे आणि रंगबदल यांची भर पडली की चांगल्या यंत्राचीही दमछाक होते.

कॅनव्हासचा हिशेबही असाच आहे. ३०० डीपीआयचा, इंचाला ३०० पिक्सेल धरणारा, ए४ म्हणजे २,४८० गुणिले ३,५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर पूर्ण भरलेला एक लेयर सुमारे ३५ मेगाबाइटचा होतो. ६०० डीपीआय केले की तो चौपट, सुमारे १३९ मेगाबाइट. रंगाची खोली ८ बिटवरून १६ बिटवर नेली की त्याच्याही दुप्पट. असे भरलेले २० लेयर साडेपाच गिगाबाइट मागतात आणि ८ गिगाबाइटच्या टॅबलेटमध्ये विंडोज आणि ब्राउझर यांनाही जागा हवी असते. मेमरी संपली की सॉफ्टवेअर डिस्कवर लिहू लागते आणि पेन गोठल्यासारखा वाटतो. मोठ्या आकाराची छपाई खरोखर ठरलेली नसेल तर कच्चे रेखाटन लहान कॅनव्हासवर करावे आणि पक्के करण्याआधी तो वाढवावा. नुसता डीपीआयचा आकडा बदलून, पिक्सेल तेवढेच ठेवून काहीही हलके होत नाही.

लेयरची संख्या लोकांना वाटते तेवढी घातक नसते. वरच्या बाजूला बसलेले समायोजन लेयर (खालच्या लेयरचे रंग आणि उजेड बदलणारे), फिल्टर आणि लेयर इफेक्ट जास्त घातक असतात. खालच्या लेयरवर पडलेला प्रत्येक ठसा त्या सगळ्यांमधून पुन्हा मोजला जातो. रंगवताना ते लपवून ठेवावेत आणि शेवटी दाखवावेत. क्रिटामध्ये ‘इन्स्टंट प्रिव्ह्यू’ चालू ठेवावा. तो मोठ्या ब्रशची रेघ आधी कमी तपशिलात दाखवतो आणि पूर्ण तपशील मागाहून भरतो. रेघ संपल्यावर तिचे रूप किंचित बदललेले दिसते, ते त्यामुळेच.

ग्राफिक्स प्रवेगाबद्दल, म्हणजे चित्र दाखवण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवण्याबद्दल, थोडक्यात: तो चालू असावा आणि त्याचा ड्रायव्हर ताजा असावा. क्रिटामध्ये ओपनजीएल आणि डायरेक्ट३डी या चित्र दाखवण्याच्या दोन्ही पद्धती करून पाहाव्यात, कारण एकाच यंत्रावर एक सुरळीत आणि दुसरा अडखळता असे सर्रास घडते. मात्र बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ब्रशचे ठसे मुख्यतः प्रोसेसरवर मोजले जातात आणि ग्राफिक्सचे काम कॅनव्हास दाखवणे, फिरवणे आणि लहानमोठा करणे हे असते. म्हणून ठसे जड झाल्यामुळे आलेला विलंब ग्राफिक्सच्या सेटिंगने जाणार नाही.

तासाभरानंतर वाढणारा त्रास ही चौथी तक्रार आणि तिच्यात पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. पातळ, विशेषतः पंखा नसलेल्या टॅबलेटमध्ये प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्झमध्ये दिसतो. काम सुरू करताना आणि त्रास वाढल्यावर तो नोंदवावा. तो ठळकपणे खाली आलेला असेल तर कारण सापडले. मागचे जाड आवरण काढणे, टॅबलेट गादीवर न ठेवता हवा खेळेल अशा स्टँडवर ठेवणे आणि चार्जिंग व जड रंगकाम एकाच वेळी टाळणे यांनी बराच फरक पडतो. बॅटरी सेव्हर बंद करून विंडोजचा पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवावा. वेग उतरलेला नसेल तर मेमरी पाहावी: अंडूच्या, म्हणजे केलेले मागे घेण्याच्या, पायऱ्या शंभरावर ठेवलेल्या असतील तर त्या कमी कराव्यात. त्रास ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारखा येत असेल तर तो ऑटोसेव्हचा आहे. विशेषतः फाइल क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये असेल तर प्रत्येक वेळी ती वर चढवली जाते. काम चालू असताना ती साध्या फोल्डरमध्ये ठेवावी.

उरलेल्या गोष्टी लवकर तपासून होतात. पडदा १२० हर्ट्झचा असूनही ६० वर लावलेला असू शकतो. बाहेरचा ४के पेन-डिस्प्ले एचडीएमआय १.४ च्या जोडणीवर असेल तर तो सेकंदाला ३० वेळाच ताजा होतो. तिथे एकेक फ्रेमच ३३ मिलिसेकंदांची होते आणि तार किंवा पोर्ट बदलणे हाच उपाय उरतो. बिनतारी पाटी एकदा तारेने जोडून पाहावी. चित्रकलेच्या वेळी बोटांचा स्पर्श बंद ठेवावा. पडदा-चित्रण आणि खेळांवरचे ओव्हरले बंद करावेत. आयपॅडवर कमी ऊर्जेचा मोड आणि ॲक्सेसिबिलिटीमधील फ्रेमचा वेग मर्यादित करणारी सेटिंग, या दोन्ही १२० हर्ट्झच्या पडद्याला ६० वर आणतात.

काही उपाय मात्र करू नयेत. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात, बदल सुचवणाऱ्या यादीमागे जाऊ नये. ‘वेग वाढवणारी’ साधने बसवू नयेत. सॉफ्टवेअरला ‘रिअलटाइम’ प्राधान्य दिल्याने इनपुटचेच काम अडू शकते. पेनाचे टोक बदलल्याने पकड आणि दाबाची जाणीव सुधारते, विलंब नाही. पेनाची बॅटरी उतरली तर रेघ तुटते, मागे पडत नाही.

नव्या खरेदीचा विचार एकाच परिस्थितीत योग्य ठरतो: रिकाम्या कॅनव्हासवर, स्मूदिंग शून्य असताना, थंड यंत्रावर आणि वननोटमध्येही कॅमेऱ्याने मोजलेला आकडा १०० मिलिसेकंदांच्या घरात राहिला तर. तेव्हा दाबाच्या पातळ्या ४,०९६ आहेत की ८,१९२ याकडे पाहू नये, त्यांचा विलंबाशी संबंध नाही. पडद्याचा ताजा होण्याचा वेग, मेमरी आणि उष्णता बाहेर टाकण्याची सोय या तीन गोष्टी पाहाव्यात. शक्य असेल तर आपली सर्वांत जड फाइल आणि नेहमीचा ब्रश सोबत नेऊन, दाखवायला ठेवलेल्या यंत्रावर अर्धा तास काम करून पाहावे, कारण पहिल्या पाच मिनिटांत सगळीच यंत्रे थंड आणि चपळ असतात.